दुसऱ्या मजल्यावरची खुर्ची

कमिटीच्या सन्माननीय पदाधिकाऱ्यांनो, तुम्ही माझ्या बापाची खुर्ची ढापली आहे. 'ढापली' टोचत असेल तर 'लाटली' म्हणा, नाहीतर 'गिळली' म्हणा. मी बोर्ड रंगवणारा माणूस आहे, तिन्ही शब्द तीन-तीन अक्षरांचे आहेत, मला कुठलाही परवडतो. 'ताब्यात घेतली' मात्र मी म्हणणार नाही. त्याला जागा जास्त लागते आणि लाज कमी.

आता हे वाचणाऱ्या इतरांना वाटेल, एका खुर्चीसाठी एवढा आरडाओरडा? म्हणून आधी खुर्ची सांगतो, मग ओरडतो.

आमची इमारत चार मजली, लिफ्ट नाही, आणि आम्ही चौथ्यावर. माझे वडील बसचे ड्रायव्हर होते. डाव्या पायाने जन्मभर क्लच दाबला, त्याचा सूड म्हणून तो गुडघा आता वाकत नाही. पाय सरळ पुढे काढूनच बसावं लागतं. पायरीवर बसवलं तर उठवायला दोन माणसं लागतात आणि तिसरा सूचना द्यायला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय, "रोज जिना उतरा, चढा. बंद केलंत की दुसराही गुडघा संपावर जाईल, मग खाटेवरच." म्हणून मी दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या कोपऱ्यात, एक लाकडी हाताची खुर्ची ठेवली होती. बाबा चढताना तिथे दम खायचे. त्यांचा तो थांबा. तिथे टेकले की म्हणायचे, "पाच मिनिटं गाडी थांबेल, कुणाला उतरायचंय त्यांनी उतरून घ्या."

आणि खाली जाऊन काय करायचे? कोपऱ्यावर पंक्चरवाल्याच्या बाकावर बसून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे नुसते आवाज ऐकायचे. "तिसरा गिअर हवा होता, दुसऱ्यातच रडवतोय मेला." दोन रिटायर्ड मंडळी शेजारी बसून माना डोलवायची. माणसाला जगायला एवढंही पुरतं. पण कमिटीला ते बघवलं नाही.

आमच्या सचिवांना इमारतीत सगळे 'पोटनियम' म्हणतात. तोंडावर नाही, पण जिन्यात आवाज घुमतो, त्यामुळे तोंडावरच. हा माणूस प्रत्येक वाक्य 'पोटनियमाप्रमाणे' असं सुरू करतो. बायकोला 'मीठ कमी आहे' हे कसं सांगत असेल, याचा विचार करत मी एकदा अख्खा बोर्ड चुकीचा रंगवला होता. अध्यक्ष म्हणून जे आहेत ते फक्त "बघू या" एवढंच बोलतात, आणि बघतही नाहीत.

तर, वार्षिक सभा. आमची सभा गच्चीवर भरते. खुर्च्या ज्याने त्याने घरून आणायच्या, प्लास्टिकच्या. सभा संपत आली की 'आयत्या वेळचे विषय' सुरू होतात, आणि ते सुरू झाले म्हणजे घरी जायची वेळ झाली, असा आमच्याकडे समज आहे. सगळे उठतात. गच्चीचं दार अरुंद, म्हणून प्रत्येक जण आपली खुर्ची दोन्ही हातांनी डोक्यावर उचलतो आणि रांगेत उभा राहतो. वर्षानुवर्षं हीच पद्धत. त्या गडबडीत पोटनियम कागद बघून काहीतरी पुटपुटले, मान वर केली आणि म्हणाले, "सर्व हात वर. ठराव एकमताने मंजूर."

आम्हाला वाटलं आभारप्रदर्शन झालं. दोघातिघांनी डोक्यावरच्या खुर्चीसकट टाळ्या वाजवायचाही प्रयत्न केला. मी तर स्वतःची आणि बायकोची अशा दोन खुर्च्या उचलल्या होत्या. म्हणजे बापाच्या विरोधात सगळ्यात जोरदार मत माझंच.

पुढच्या आठवड्यात पोटनियमांचा फोन. "पेंटर, एक बोर्ड हवाय. लिहून घ्या. जिन्यात व सामाईक जागेत खाजगी वस्तू ठेवू नये." मी लिहून घेतलं. मला काय माहीत! मला वाटलं, तळमजल्यावरच्या केमिस्टची खोकी हलवायची असतील. लाल अक्षर, त्याला काळी सावली, खाली बारीक नक्षी. सोसायटीचं काम म्हणून जीव ओतला. 'व'ची गाठ इतकी सुंदर उतरली होती की बायकोला बोलावून दाखवली. ती म्हणाली, "छान आहे, पण आपली खुर्ची?" मी म्हटलं, "खुर्चीचा इथे काय संबंध?" बायकांना प्रत्येक गोष्टीत घर दिसतं, असंही म्हटलं. ते जरा जास्तच बोललो.

बोर्ड दुसऱ्या मजल्यावर लागला. बरोब्बर खुर्चीच्या वर. बाबा चढत आले, खुर्चीत बसले, मान मागे टाकून सगळा बोर्ड वाचला आणि शेजारी हातोडी घेऊन उभ्या असलेल्या पोटनियमांना म्हणाले, "पोरानं अक्षर छान काढलंय. कुणासाठी लावलाय हो?"

"तुमच्यासाठी," पोटनियम म्हणाले.

मी संध्याकाळी तावातावाने त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "साहेब, म्हातारा माणूस आहे. पाच मिनिटं टेकतो."

"माझं कुठे काय म्हणणं आहे? टेकू द्या. पोटनियमाप्रमाणे माणसाला बंदी नाहीच. वस्तूला आहे."

"मग माणसाने टेकायचं कशावर?"

"ते नियमात नाही," ते म्हणाले, आणि असा चेहरा केला, जणू नियमात नसलेली गोष्ट जगातच नसते.

दुसऱ्या दिवसापासून मी खुर्ची घेऊन बाबांच्या मागे जिना चढायला लागलो. दुकान उशिरा उघडलं तर उघडलं. पुढे बाबा, मागे खुर्ची डोक्यावर घेतलेला मी. राजा आणि त्याचा हुजऱ्या. दुसऱ्यावर खुर्ची खाली ठेवली, की पोटनियम समोरच्या आपल्या दारातून, "टेकवली म्हणजे ठेवली!" मग मी खुर्ची जमिनीपासून दोन बोटं वर उचलून धरली आणि म्हटलं, "बाबा, बसा." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "उतरतो मी," ते म्हणाले, "ड्रायव्हरच पडेल अशा गाडीत मी बसत नाही." माझी पाठ तेव्हा जी धरली ती अजून सुटलेली नाही.

मग सुरू झाले सल्ले. केमिस्ट म्हणाला, "खुर्ची भिंतीला टांगा, जमिनीवर नसेल." म्हटलं, मग बापालाही टांगू का? पहिल्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, "त्यांना पोहायला घाला, गुडघे मोकळे होतात." आमच्या इमारतीत अंघोळीला पाणी पुरत नाही.

सगळ्यात घातक सल्ला दिला तो 'स्टे'ने. हा वकिलाच्या ऑफिसात कारकून. फाइली इकडून तिकडे नेतो, पण बोलतो असा, जणू न्यायाधीश निकाल लिहून आधी ह्याला दाखवतात. कुठल्याही गोष्टीवर "स्टे आणू" म्हणतो, म्हणून स्टे. तो माझ्या दुकानात येऊन बसला, ओल्या बोर्डावर कोपर टेकवून.

"पेंटर, शब्द बघा. काय लिहिलंय? 'खाजगी वस्तू.' खाजगी! तुमची केस ह्या एका शब्दावर उभी आहे."

"केस नाही, खुर्ची."

"तेच. आता तिचा खाजगीपणा काढून टाका."

"कसा? पॉलिश पेपरने?"

"दान करा! सोसायटीला. एकदा सोसायटीची झाली की ती खाजगी नाही, आणि खाजगी नाही म्हटल्यावर तिला कोण हात लावतो?" आणि तो अर्ध्या कोपराला हिरवा रंग लावून निघून गेला.

मला तर अक्षरशः गुदगुल्या झाल्या. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती कणीक मळायची थांबली. "म्हणजे आपली खुर्ची त्यांना द्यायची, म्हणजे ती आपल्याला वापरता येईल?"

"बरोब्बर! कायदा आहे तो."

"कायदा असेल. अक्कल नाहीये."

मी ऐकलं नाही. खुर्चीला नवं पॉलिश केलं, पाठीवर वळणदार अक्षरात 'सोसायटीस सप्रेम भेट' लिहिलं, आणि रविवारी सगळ्यांसमोर अध्यक्षांच्या हाती सोपवली. अध्यक्ष म्हणाले, "बघू या." टाळ्या झाल्या. पोटनियमांनी माझा हात हातात घेऊन दाबला. तेव्हाच मला कळायला हवं होतं. हा माणूस कधी कुणाचा हात दाबत नाही.

सोमवारी खुर्ची गायब. शोधत शोधत तळमजल्यावर सोसायटीच्या ऑफिसात गेलो. पोटनियम खुर्चीत. पाठीला उशी.

"ही इथे कशी?"

"मालमत्ता आहे सोसायटीची. काळजी घ्यायला नको? जिन्यात नुसती धूळ बसते हो."

"धूळ नाही, माझे वडील बसतात!"

"पोटनियमाप्रमाणे सामाईक मालमत्ता सगळ्यांना समान. रोज एकाच सभासदाच्या वडिलांनी बसायचं, हा पक्षपात झाला. आम्हाला सगळ्यांच्या वडिलांचा विचार करावा लागतो."

"पण आख्ख्या इमारतीत चढणारे वडील माझेच आहेत!"

"आज आहेत. उद्या आणखी कुणाला होतील."

बाप उद्या होतो, हे मला नवीन होतं. मी चवताळून घरातली दुसरी खुर्ची नेऊन जिन्यात ठेवली. दुपारपर्यंत ती 'बेवारस वस्तू' म्हणून ऑफिसात जमा. तिच्यावर अध्यक्ष बसले. मग स्टूल ठेवलं. त्याच्यावर आता ऑफिसातला पंखा ठेवलाय. माझ्या घरी जेवायच्या वेळी एक जण उभा राहून जेवतो, आणि कमिटीकडे पाहुणे आले तरी खुर्च्या कमी पडत नाहीत. "आणखी न्या," बायको म्हणाली, "पलंगही न्या. मी म्हणते, आपणच ऑफिसात राहायला जाऊ."

मग मी शेवटचा डाव टाकला: आधी पोटनियमांचे ठराव पाडायचे, मग खुर्ची मागायची. निम्म्या सभासदांच्या सह्या घेऊन विशेष सभा मागितली. आणि ह्या वेळी कमिटी खुर्च्या उचलण्याचा फायदा घेणार नाही, याची मी स्वतः तयारी केली. दारोदार फिरलो. एकेकाला दम दिला. "काही झालं तरी हात वर करायचा नाही. पोटनियम काहीही वाचोत, काहीही विचारोत, हात काखेत. खुर्ची उचलायची नाही. डास चावला तरी चावू द्यायचा." मावशींनी विचारलं, "केस सारखे केले तर?" म्हटलं, "घरून करून या." केमिस्टने तर दोन्ही हात काखेत घालून मला सराव करून दाखवला.

सभेला सगळे थंडीने गारठल्यासारखे बसले होते. पोटनियमांनी तीन नवे नियम वाचले. एकही हात हलला नाही. तिन्ही फेटाळले गेले. इमारतीच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. माझी छाती फुगली. पोटनियमांचा चेहरा पडला. आणि तेवढ्यात, देव जाणे कुठून, अध्यक्ष उठले. जन्मात 'बघू या'च्या पुढे न गेलेला माणूस. घसा साफ करून म्हणाले, "मला वाटतं, पेंटरच्या वडिलांची खुर्ची परत जिन्यात ठेवावी. ते म्हातारे आहेत. ज्यांची संमती आहे, त्यांनी हात वर करावेत."

एकही हात वर झाला नाही.

मी ताडकन उठलो. "अहो, आता करा! वर करा हात!"

केमिस्टने मला डोळा मारला. "आम्ही नाही फसत, पेंटर."

"अरे, हा ठराव आपला आहे!"

"परीक्षा घेतायत," मावशी शेजारणीच्या कानात म्हणाल्या, आणि दोघींनी हात आणखी घट्ट आत घेतले. स्टे मला खुणेने 'शाब्बास, छान चाललंय' असं दाखवत होता. माझे एकट्याचे दोन्ही हात आभाळात. पोटनियम उठले. चेहऱ्यावर रंग परत आला होता. "पोटनियमाप्रमाणे ज्याचा संबंध आहे त्याचं मत धरत नाहीत. ठराव एकमताने नामंजूर." अध्यक्ष "बघू या" म्हणून खाली बसले, ते आजतागायत काही बोललेले नाहीत. एकदाच माणुसकीवर आले होते बिचारे, तीही आम्ही काखेत दाबून मारली.

इथवर हसलात, हसा. मीही हसलो असतो. पण त्या दिवसापासून बाबा खाली उतरले नाहीत.

मी त्यांना म्हटलं, "मी धरून नेतो." ते म्हणाले, "नको. दुसऱ्यावर थांबता येत नाही, आणि न थांबता मला येत नाही." खिडकीत बसायला लागले. चौथ्या मजल्यावर गाड्यांचा आवाज सगळा एक होऊन येतो; कुठला गिअर, कुठली गाडी, काही कळत नाही. मग त्यांनी घरच चालवायला घेतलं. बायको कढई उचलायची की हे आतून, "डावीकडून घे, मागे बघ." ती एरवी मला एका शब्दात गप्प करणारी, पण त्यांना म्हणायची, "हो बाबा, घेतली डावीकडून." एकदा मी पाहिलं, तिने खरंच मागे बघितलं. रात्री मला म्हणाली, "पाय वाळत चाललाय त्यांचा. दोन्ही." मी बोर्डाच्या ब्रशाचे केस उपटत बसलो. दुसरं काय करणार?

आणि गेल्या आठवड्यात मी दुकानात असताना, कुणाला न सांगता, बाबांनी बूट घातले आणि उतरले. सगळा जिना. पंक्चरवाल्याकडे बसले, दोन ट्रकवाल्यांना शिव्या दिल्या, आनंदाने परत निघाले. आणि दुसऱ्या मजल्यावर गाडी बंद पडली. कठड्याला दोन्ही हातांनी लटकून उभे. हाक मारायला श्वास नाही.

दुसऱ्या मजल्यावर बालवाडीच्या बाई राहतात. त्यांनी दार उघडलं ते दूधवाल्यासाठी, आणि समोर हे. बाईंनी एक शब्द विचारला नाही. आतून स्वतःची वेताची खुर्ची ओढली, उंबऱ्याच्या आत अगदी कडेला लावली, कारण त्याच्या मागे लगेच बालवाडीच्या खेळण्यांचं कपाट, तसूभर जागा नाही, आणि बाबांना काखेत धरून बसवलं. मग मला फोन केला. "पेंटर, तुमचे बाबा माझ्या दारात आहेत. ठीक आहेत. पण या."

मी ब्रश हातात तसाच धरून धावलो. वर जाऊन बघतो तो बाबा बाईंच्या दारात बसलेले, चेहरा घामाने निथळतोय. खुर्ची घरात. पण गुडघा वाकत नाही ना, आता दुसराही आखडलेला! पाय सरळ. म्हणजे पाय उंबऱ्याच्या बाहेर, जिन्यात. आणि त्या पायांपाशी, गुडघ्यावर बसून, पोटनियम टेप धरून मोजतायत.

"काय चाललंय?" मी ओरडलो.

"ओरडू नका. खुर्ची आत आहे, ती बाईंची, तिच्याबद्दल मी काही बोलत नाही. पण पाय बघा. उंबऱ्यापासून बाहेर चांगले हातभर आहेत. सामाईक जागेत."

"ते पाय आहेत!"

"खाजगी आहेत की नाहीत?"

बाबाच बोलले. श्वास घेत घेत. "खाजगीच आहेत. दान करू का? आमच्या पोराला सवय आहे."

बाई पुढे आल्या. एवढीशी बाई, पण रोज चाळीस पोरं सांभाळते. कमरेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सचिव! हाताची घडी, तोंडावर बोट!"

आणि खोटं नाही सांगत, टेप धरलेला तो हात वर उठला, बोट ओठांच्या निम्म्या वाटेपर्यंत गेलं. मग त्यांना भान आलं. "मी... मी नोटीस काढीन," म्हणाले आणि टेप गुंडाळत खाली पळाले. टेप मध्येच अडकली, तिची शेपूट पायऱ्यांवर खडखडत गेली.

मी बाबांना म्हटलं, "चला आता वर." ते म्हणाले, "थांब जरा. पाय अजून थरथरतायत. ही थरथर कमिटीवाल्यांना दिसायला नको." मी शेजारी जमिनीवर बसलो. बाईंनी पाणी आणलं. खालून एक गाडी गेली. जिन्यात आवाज स्वच्छ येतो. बाबांनी डोळे मिटूनच सांगितलं, "चौथा. बरोबर टाकला. शिकलाय कुठेतरी."

नोटीस काल आली. 'सदर सभासदाच्या वडिलांचे पाय सामाईक जागेत वारंवार आढळून येत असून ते तात्काळ हटवावेत, अन्यथा जमा करण्यात येतील.' मी लाल अक्षराचा, काळ्या सावलीचा माणूस, शब्द ओळखतो. 'जमा करण्यात येतील' लिहिताना तुमच्यापैकी कुणाचाच हात थांबला नाही का?

तर ऐका, कमिटी. बाबा आज उतरले. उद्या उतरतील. बाईंनी वेताची खुर्ची दाराशी कायमची ठेवलीय आणि खेळण्यांचं कपाट हलवायचं नाही म्हणून शपथ घेतलीय. रोज सकाळी माझ्या बापाचे दोन्ही पाय तुमच्या जिन्यात हातभर बाहेर येणार, आणि थरथर थांबेपर्यंत तिथेच राहणार. मी जमा करायला या असं म्हणणार नाही; आलात तर बाई आहेत. मला फक्त एक उत्तर द्या, आणि 'बघू या' नको. माणूस त्याच्या पायांसकट तुमचा शेजारी असतो, की कमरेपर्यंतच?

अख्खा की अर्धा, सरळ सांगा.